२८ ते ३१ इंच : स्ट्राइप्ड बासचं प्रकरण

एप्रिल २०२४. न्यू जर्सीत रॅरिटन उपसागराच्या काठावर मी आणि मालवणहून आलेला मामा गरवायला बसलो होतो. भरती चढत होती, पाण्यात हात घातला की बोटं बधिर व्हायची. दिवस मावळताना काठी वाकली आणि रिळावरून दोरी सरसर सुटत गेली. दहा मिनिटांनी मासळी काठाशी आली. रुपेरी अंग, त्यावर डोक्याकडून शेपटीपर्यंत गेलेल्या काळ्या रेघा, पोट टच्च. पट्टी लावली तर ३६ इंच. मामाने पोटावर अंगठा दाबून पाहिला. "गाबोळीन भरलेली आसा रे ही. घराक फोन कर, वाटप करूक सांग."

मी गरी सोडवली, मासळीला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं आणि तिने शेपटी मारेपर्यंत तसाच वाकून राहिलो. ती गेली. घर येईपर्यंत मामा गप्प होता. उभी हयात समुद्रावर काढलेल्या माणसासमोर मी आठ-नऊ किलोची मासळी परत पाण्यात सोडली होती, आणि कारण काय, तर ती पाच इंच जास्त लांब भरली. जेवताना त्याने एकच विचारलं : "बारकी सोडूची, ता समाजता. मोठी कित्याक?"

त्या रात्री मला धड उत्तर देता आलं नाही. नियम पाठ होता : माणशी दिवसाला एक मासा, तोही २८ ते ३१ इंचांच्या मधला. त्याच्या मागची गोष्ट मात्र मी नंतर नीट वाचली, आणि ती मामाला आणि मामासारखाच प्रश्न पडणाऱ्या सगळ्यांना सांगावीशी वाटते.

मासा आणि त्याची पिल्लं

न्यू जर्सीत या स्ट्राइप्ड बासला स्ट्रायपर म्हणतात, मेरीलँड-व्हर्जिनियातल्या चेसापीक उपसागराच्या बाजूला रॉकफिश. आपला पाला जसा समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो तसाच हा. वसंतात नदीच्या गोड्या पाण्यात विण, मग काही वर्षं उपसागरात, आणि मोठा झाला की किनाऱ्याने उन्हाळ्यात उत्तरेला, हिवाळ्यात दक्षिणेला ये-जा. हडसन आणि डेलावेअर या नद्यांतही तो वितो, पण अटलांटिक किनाऱ्यावरच्या बहुतेक स्ट्रायपरचं माहेर चेसापीक. मादी पहिल्यांदा विते ती साधारण सहा ते आठ वर्षांची झाल्यावर. मासा तीस वर्षं जगू शकतो. १२ पौंडांच्या मादीच्या पोटात सुमारे साडेआठ लाख अंडी असतात, ५५ पौंडांच्या मादीच्या पोटात ४२ लाखांच्या घरात.

एवढी अंडी असूनही पिल्लं दर वर्षी होत नाहीत. हिवाळा ऊबदार गेला, वसंतात नदीला पाणी कमी आलं, की त्या सालची वीण जवळजवळ वाया जाते. हे कसं कळतं? मेरीलँड राज्याचे लोक १९५४ पासून दर वर्षी जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ठरलेल्या २२ जागी १०० फुटांचं जाळं काठावरून ओढतात. आपल्या देवबाग-तारकर्लीला जिला रापण म्हणतात तीच, फक्त छोटी. वर्षाला १३२ वेळा ओढायची, त्या सालची पिल्लं मोजून परत सोडायची, आणि एका ओढीला सरासरी किती पिल्लं मिळाली तो आकडा जाहीर करायचा. अनेक वर्षांची सरासरी ११ च्या आसपास आहे. २०११ साली आकडा होता ३४.६. त्याच्या पुढच्याच साली, त्याच जागी, त्याच जाळ्याला ०.९.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की या माशाचा सगळा व्यवहार समजतो. पाच-सात वाईट वर्षं आणि मधे एखादं भरघोस वर्ष. त्या एका सालची पिढीच पुढची दहा-पंधरा वर्षं सगळा किनारा सांभाळते. शेतकरी जसा एका चांगल्या सुगीचं बियाणं जपून ठेवतो तसं त्या पिढीला जपावं लागतं.

पहिली बुडती

या माशाची चिंता नवी नाही. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६३९ सालीच कॉड आणि बास शेतात खत म्हणून टाकायला बंदी घातली होती. पण खरी बुडती आली ती १९७० नंतर. १९७३ साली धंदेवाईक मच्छीमारांनी सुमारे दीड कोटी पौंड स्ट्रायपर धरला. १९८३ पर्यंत तो ३५ लाख पौंडांवर आला. पिल्लं होत नव्हती, आणि जी होत होती ती पहिल्यांदा विण्याआधीच जाळ्यात किंवा गरीला जात होती.

किनाऱ्यावरच्या राज्यांचा मिळून एक आयोग १९४२ पासून होता, पण त्याच्या हाती फक्त सल्ला देणं होतं. एका राज्याने पाळायचं आणि शेजारच्याने मारायचं, असं चालायचं. १९८४ साली अमेरिकी संसदेने कायदा केला : जे राज्य आयोगाची योजना पाळणार नाही, त्याच्या पाण्यात केंद्र सरकार स्ट्रायपरची मासेमारीच बंद करू शकेल. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वात मोलाची गोष्ट. मासा राज्याची हद्द ओळखत नाही, म्हणून नियमही हद्दीवर अडून चालत नाही.

१ जानेवारी १९८५ पासून मेरीलँडने स्ट्रायपर धरणं पूर्ण बंद केलं, जाळ्यानेही आणि गरीनेही. ज्या राज्यात घरोघरी हा मासा खाल्ला जातो, तिथे पाच वर्षं तो पाण्यातून काढायचा नाही. डेलावेअरनेही बंदी घातली, १९८९ मध्ये व्हर्जिनियाने. बाकीच्या राज्यांना एक सूत्र मिळालं : १९८२ साली जन्मलेली पिढी जगवायची. त्यातल्या ९५ टक्के माद्या निदान एकदा विऊन होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यासाठी किमान लांबीची अट त्या पिढीबरोबर वर्षागणिक वाढवत नेली. मासा वाढला की पट्टीवरची खूणही पुढे सरकायची.

बंदी कधी उठवायची तेही आधीच ठरलं होतं : रापणीच्या आकड्याची तीन वर्षांची सरासरी ८ च्या वर गेली की. १९८९ साली आकडा २५.२ आला आणि सरासरीने उंबरठा ओलांडला. १९९० मध्ये थोड्या प्रमाणात मासेमारी पुन्हा सुरू झाली, आणि १९९५ साली मासा सावरला असं जाहीर झालं. समुद्रातला मासा इतका खाली जाऊन माणसाच्या ठरवण्याने परत येतो, हे फार कमी ठिकाणी घडलं आहे.

दुसरी उतरण

पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे, कारण या वेळी जाळ्याला दोष देता येत नव्हता.

मासा परत आल्यावर हौशी लोकही परत आले. काठी, रीळ, छोटी होडी, सुट्टीचा दिवस. किनाऱ्यावर माणशी दोन मासे, २८ इंचांच्या वरचे. २०१५ पासून ते एकावर आणलं. तरीही विणाऱ्या माद्यांचं एकूण वजन घसरतच होतं. २०१९ साली मोठा आढावा बाहेर आला. त्यात २०१७ चं चित्र असं : विणाऱ्या माद्या सुमारे १५ कोटी १० लाख पौंड, आणि धोक्याची रेषा २० कोटी २० लाख पौंडांवर. म्हणजे रेषेच्या बरेच खाली.

२०१७ साली मेलेल्या स्ट्रायपरची वाटणी वाचून मी थबकलो होतो. संख्येने मोजलं तर धंदेवाईक मच्छीमारांच्या वाट्याला सगळं मिळून दहा टक्के. हौशी लोकांनी घरी नेलेले ४२ टक्के. आणि हौशी लोकांनी नियम पाळून परत सोडलेले, पण सोडल्यावर मेलेले, ४८ टक्के.

म्हणजे खाल्लेल्यांपेक्षा सोडलेले जास्त मेले.

हिशेब सोपा आहे. हौशी लोक गरीला लागलेल्या दहातले नऊ स्ट्रायपर परत सोडतात. लहान असतो म्हणून, मोठा असतो म्हणून, आजचा एक झाला म्हणून, किंवा मुळात खायचाच नसतो म्हणून. सोडलेल्या शंभरांतले सरासरी नऊ मरतात असं शास्त्रज्ञ धरतात. नऊ हा आकडा लहान वाटतो. पण वर्षाला साडेतीन-पावणेचार कोटी मासे सोडले जात असतील तर त्याचे तीस लाखांवर होतात.

मी यातला एक पाहिला आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात सँडी हूकला, कापलेल्या मासळीच्या तुकड्यावर साध्या गरीने २६ इंचांचा स्ट्रायपर लागला. त्याने गरी गिळली होती. चिमट्याने काढायला गेलो तर कल्ल्यांतून काळपट लाल रक्त आलं, माझ्या मनगटावरून वाळूत गळलं. तेव्हा २८ इंचांच्या खालचा मासा मला ठेवता येत नव्हता, म्हणून मी तो पाण्यात सोडला. लाटेने तो उलटा करून परत माझ्या बुटाशी आणून टाकला. दुसऱ्यांदा सोडला, तोही परत आला. मी नियम पाळला होता, आणि मासा मेला होता, आणि तो कुणाच्या ताटातही गेला नव्हता.

२०२१ पासून आमिष लावून स्ट्रायपर गरवायचा तर गोल गरीच वापरायची, असा नियम आला तो यासाठी. या गरीचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष गिळून फिरला की ती घशातून सरकत येऊन ओठाच्या कोपऱ्यात अडकते. झटका द्यायचा नाही, काठी हळू ताणायची. जुन्या माणसांना ही सवय लावून घेणं जड गेलं, मलाही गेलं. पण त्यानंतर माझ्या हाती आतवर गरी गेलेला स्ट्रायपर आलेला नाही.

मे २०२३

आता त्या ३१ इंचांची गोष्ट.

२०१५ साली रापणीत पिल्लं भरपूर आली होती, आकडा २४.२. त्यानंतर २०१९ पासून दर वर्षी नापिकी : ३.४, २.५, ३.२, ३.६. म्हणजे २०१५ ची पिढी हीच मोठी शिदोरी. २०२० पासून किनाऱ्यावर नियम होता २८ ते ३५ इंचांच्या आतला एक मासा. ३५ च्या वरच्या माद्या वाचाव्यात म्हणून ही वरची मर्यादा आणली होती, आणि कल्पना चांगलीच होती.

पण २०१५ ची पिढी वाढत वाढत २०२२ मध्ये नेमकी त्या २८ ते ३५ च्या खिडकीत आली. सात वर्षांची पिढी, नुकती विण्याच्या वयात. किनाऱ्यावर जिथे तिथे ठेवता येण्याजोगा मासा लागत होता. तो उन्हाळा मला आठवतो, जेट्टीवर सगळे खूश होते, मासा परत आला म्हणत होते. मीही म्हटलं. त्या वर्षी हौशी लोकांनी घरी नेलेला मासा आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाला. प्रत्येकाने दिवसाला एकच नेला, कुणी नियम मोडला नाही.

आकडे हाती आले तेव्हा शास्त्रज्ञांनी पुन्हा गणित मांडलं. २०२९ पर्यंत मासा पूर्ववत करायचं असं ठरलेलं आहे. २०२१ च्या वेगाने मासेमारी चालली असती तर ते साधण्याची शक्यता ९७ टक्के होती. २०२२ चा वेग राहिला तर १५ टक्क्यांच्याही खाली.

२ मे २०२३ ला आयोगाच्या मंडळाने तातडीची कारवाई म्हणून वरची मर्यादा ३१ इंचांवर आणली आणि राज्यांना २ जुलैपर्यंत मुदत दिली. एरवी असा बदल व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, मसुदा, जनसुनावण्या, मतदान. इथे हंगामाच्या मधोमध पट्टीवरचे चार इंच एका बैठकीत गेले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये रीतसर प्रक्रिया करून किनाऱ्यावर २८ ते ३१ आणि चेसापीकमध्ये १९ ते २४ इंच असा नियम कायम केला, धंदेवाईक कोटाही सात टक्के कापला. मेरीलँडने वसंतातला मोठ्या माशांचा हंगामच बंद केला.

भाड्याने होड्या नेणारे नाखवा चिडले. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही : गिऱ्हाईक दिवसाचे पैसे भरून येतं, घरी न्यायला काहीतरी हवं असतं, आणि तीन इंचांच्या खिडकीत बसणारा मासा दिवसभर शोधावा लागतो. शोधताना आणखी दहा सोडावे लागतात, आणि त्यातला एखादा मरतो. काठावरून गरवणाऱ्यांपैकी पुष्कळ जण उलट म्हणत होते की ठेवणंच बंद करा, आम्ही सोडायला तयार आहोत. या दुसऱ्या बाजूला मी अनेक वर्षं होतो. ४८ टक्क्यांचा आकडा वाचल्यावर तिथे तेवढ्या खात्रीने उभं राहता येत नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं, त्यात मीठ कमी असलं, की सोडलेला मासा जास्त मरतो, आणि "मी तर सोडतो" म्हणणारा दिवसाला वीस सोडत असेल तर एक खाणाऱ्यापेक्षा तो जास्त मारतो. चेसापीकमध्ये मेरीलँडने जुलैच्या उत्तरार्धात स्ट्रायपरच्या मागे लागायलाच बंदी घातली ती याच कारणाने. अशी बंदी सगळ्या किनाऱ्यावर लावायची म्हटलं तर अंमलदारांची अडचण खरी आहे : काठावरचा माणूस स्ट्रायपर गरवतोय की ब्लूफिश, हे त्याच्या काठीकडे बघून कसं सांगणार?

आणखी एक गाठ आहे, मोजणीची. धंदेवाईक मासा बाजारात वजन करून विकला जातो. हौशी माणूस काय नेतो, किती सोडतो, हे त्याला विचारूनच कळतं. पूर्वी घरच्या फोनवर विचारायचे. लोकांनी घरचे फोन काढून टाकले, मग टपालाने प्रश्नावली पाठवायला लागले, आणि २०१८ मध्ये जुने आकडे नव्या पद्धतीने सुधारले तेव्हा हौशी लोकांची पकड आधी वाटत होती त्याच्या दुपटीच्या वर निघाली. इतकी वर्षं आम्ही जेवढे आहोत त्याच्या निम्म्याने मोजले जात होतो. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यात गरवायला परवाना लागत नाही, नुसती मोफत नोंदणी. ती टाळणारे आपलेही लोक मी पाहिले आहेत. दोन मिनिटांचं काम आहे, ते कराच. मोजणीत आपण नसलो की मासा कमी मारला असं कागदावर दिसतं आणि पाण्यात तो नसतो.

आजची गत

२०२४ च्या आढाव्यात विणाऱ्या माद्या १९ कोटी १० लाख पौंडांवर आल्या. धोक्याची रेषा या नव्या हिशेबात १९ कोटी ७० लाखांची, गाठायचं लक्ष्य २४ कोटी ७० लाखांचं. २०१५ ची पिढी बऱ्यापैकी वाचली, म्हणून एवढं तरी जमलं. पण तिच्यामागून येणारं फार थोडं आहे : रापणीचा आकडा २०२३ ला १, २०२४ ला २. ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी १२ टक्के कपातीचा प्रस्ताव मंडळापुढे आला तो मंजूर झाला नाही. मला तो व्हायला हवा होता. १९८५ साली लोकांनी पाच वर्षं पूर्ण बंद सोसलं, त्यापुढे १२ टक्के काहीच नव्हते.

मामाच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला जायच्या आदल्या दिवशी दिलं. म्हटलं, "मामा, तुमच्याकडे पापलेट लहान असताना धरू नये म्हणून आता कायदा आलाय ना?" २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींना किमान लांबी ठरवून दिली, ते त्याला ठाऊक होतं. "तर इथे तेच, फक्त दोन्ही बाजूंनी. खालची मर्यादा म्हणजे त्याला वाढू द्या. वरची म्हणजे वाढून जी एवढी झाली, तिला वारंवार विऊ द्या. त्या दिवशी सोडली ती हडसनला विणीला चालली होती. पोटात दहा लाखांवर अंडी असतील."

मामाने ऐकून घेतलं आणि एकच मुद्दा काढला, तो माझ्या डोक्यात आला नव्हता. गरीचा मासा जिवंत हाती येतो म्हणून पट्टी लावून सोडता येतो. त्याच्या ट्रॉलरच्या जाळ्यातून पापलेटचं पिल्लू वर येतं तेव्हा ते मेलेलंच असतं, तिथे पट्टी लावून काय करायचं? तिथे जाळ्याची आसच, म्हणजे दोऱ्यांमधली फट, मोठी हवी, की पिल्लू खालीच निसटेल. त्याचं बरोबर होतं. पट्टी गरीला चालते, जाळ्याला आस.

आता दर ऑक्टोबरात त्याचा फोन येतो. आधी घरची ख्यालीखुशाली, मग, "काय, रापणीक पिल्लां गावली मा?"

२०२५ ला मी सांगितलं, "चार."

"आणि सरासरी अकरा मा?"

"अकरा."

थोडा वेळ नुसती फोनची घरघर. मग म्हणाला, "नदीयेक पाणी इल्ला काय रे वसंतात?"